वाघाची हजेरी

माही नात संघमित्रा जपानले गेली. हे वाक्य मी आता बेधडक बोलते. मधात दहा-बारा दिवस असे गेले का जपानचं नाव निघालं का मी उठून परसात जाऊन बसत होती.

पहिले माहं सांगते. राजेगावात, म्हणजे मध्यप्रदेशाच्या हद्दीत, मले जिजाबुढी म्हणतेत. गोंदियाले जाणारी बस माह्या दारासमोरून जाते, अन् माह्या थापा त्या बसच्या आधी गोंदियाले पोचतेत. माहा बुढा पुनाराम याच्या अगदी उलटा. त्यानं जिनगीत एक थाप मारली नाई. लग्नासाठी मले पाह्याले आला तवा माह्या बापानं इचारलं, "पोरगी पसंत आहे का?" त्यानं सांगतलं, "चांगली आहे, पण लय बोलते." असा माणूस.

तर दोन वर्षांपासून फोनवर लुच्चे लोकं लय झाले. तुमचं खातं बंद होऊन राह्यलं, नंबर सांगा. तुमाले बक्षीस लागलं, आधार सांगा. पंचायतीत एका पोलीसवाल्या साहेबानं सभा घेतली अन् म्हणे, अनोळखी माणसाले फोनवर खरं काई सांगायचं नाई. बाकीचे लोकं फोन कापतेत. म्या साहेबाचं बोलणं पुरं पाळलं. खरं सांगायचं नाई म्हणजे खोटं सांगायचं.

एकाले म्या सवा घंटा लायनीवर ठेवलं. म्हणलं, खातं माहं नाई, माह्या बैलाचं आहे. बैल अंगठा देत नाई, खूर देते. अन् खूर द्याले थो फकत बुधवारीच राजी राह्यते. शेवटी थोच म्हणे, "माताजी, अब रखिए, मेरे हाथ जोड़ता हूँ." तवापासून गल्लीत कोणाले अनोळखी नंबर आला का बाया फोन घेऊन माह्याच घरी पळत येतेत.

संघमित्रा माह्या पोराची, राकेशची पोरगी. राकेश बालाघाटले ऑटो चालवते. ही आमच्याजवळ राह्यते, कारण ती मास्तरीण आहे अन् तिची सरकारी हिंदी शाळा नहरटोल्याले आहे, आमच्या घरून चार किलोमीटर, नहराच्या म्हणजे कालव्याच्या काठावर. एकतीस पोट्टे, पाचवीपर्यंत.

त्या शाळेत दर शनिवारी थापेचा तास राह्यते. हे तिचं डोकं. गावातला कोणी बुढा नाई तं बुढी खुर्चीवर बसते अन् एक गोष्ट सांगते. पोट्टे ऐकतेत. थाप सापडली का थाळी वाजवायची. पण नुसती वाजवून भागत नाई, सबूत द्या लागते. मोजून, गुणून, भागून, कसाही. सबूत नसन तं थाळी वाजवायची नाई, असा नियम. गणिताचं नाव काढलं का जे पोट्टे पोट दुखते म्हणत, थेच आता शनिवारी सकाळी सात वाजता शाळेच्या दारात उभे राह्यतेत. सबसे जास्ती शनिवार माहे. गावात दुसरं कोणी माह्या तोडीचं नाई, मी काय करू.

आता जपान. मास्तर लोकायसाठी एक फेलोशिप राह्यते. तीन हप्ते परदेशात न्यायचं, तिथल्या शाळा दाखवायच्या, जाणं-येणं, राह्यणं, खाणं सगळं त्यायचं. वापस आल्यावर जे पाह्यलं थे आपल्या शाळेत करायचं. अट दोनच. एक, मास्तर आधी कधी देशाबाहेर गेलेला नको. दोन, फॉर्म तीनच बारी भरता येते. संघमित्राचे दोन बारी होऊन गेलते. पहिल्या बारी तिचं नाव पुढं सरकलं तवा म्या गावभर सांगून टाकलं का जपानच्या राजानं तिले जेवाले बलावलं. नाव मंग निघालंच नाई. दुसऱ्या बारी बी तसंच. बाया तिले रस्त्यात इचारत, "काय वं, राजानं काय जेऊ घातलं?" म्हणून तिसऱ्या बारी तिनं मले काई सांगतलंच नाई. चुपचाप फॉर्म भरला अन् घरचा नंबर म्हणून माह्या फोनचा नंबर लिहून देल्ला.

सोमवारी दुपारी मी आंगणात वालाच्या शेंगा सोलून राह्यलती. बुढा बाजेवर पडला होता. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्ते माताजी. मैं रचना बोल रही हूँ. संघमित्रा जी के घर से बोल रहे हैं न?"

बाईचा आवाज एकदम मऊ. म्या मनात म्हणलं, आता बाया बी या धंद्यात उतरल्या.

थे म्हणे, संघमित्राजीले जपानले न्यायचं आहे. विमान फुकट, होटल फुकट. बस थोडी माहिती पाह्यजे.

फुकट विमान. म्या शेंगाची टोपली बाजूले सारली अन् पाय पसरून बसली.

"हौ हौ, पूछो ना बाई," म्या म्हणलं.

शाळेत बच्चे किती? म्या सांगतलं, सातशे. शाळेत जाते कशी? नावेतून वैनगंगा पार करून, अन् नाव मगर ओढते, पण मगर आयतवारी सुट्टी घेते. बाई म्हणे, और पढ़ाती कैसे हैं? म्या म्हणलं, माह्या लुगड्यानं नहर मोजते. अन् तिच्या हजेरीत वाघाचं नाव आहे. रोज सकाळी त्याची हजेरी होते.

"शेर की हाज़िरी?"

"बाघ की. शेर आमच्या इकडे नाई."

बाजेवरून बुढा म्हणे, "कोणाशी बोलून राह्यली?" म्या त्याले हातानं चूप केलं. बाई म्हणे, माताजी, जापान जाने के लिए संघमित्रा जी खुश हैं? मले वाटलं आता ही गळ टाकून राह्यली. म्हणून म्या दोरीच कापून टाकली. म्हणलं, "अवं बाई, जपानले तं थे दोन बारी जाऊन आली. तिथला भात तिले आवडत नाई. आता दुसरा देश असन तं सांगा."

तिकडून थँक्यू आलं अन् फोन बंद. म्या शेंगा पुन्हा जवळ घेतल्या. दिवस चांगला गेला असं वाटलं.

संध्याकाळी संघमित्रा स्कूटी लावून घरात आली. म्या चहा मांडला अन् तिले सगळं रंगवून सांगतलं. मगर आयतवारी सुट्टी घेते इथपर्यंत ती हासत होती. रचना नाव आलं तशी तिनं कप खाली ठेवला.

"आजी, ती बाई काय म्हणे? कोण बोलते म्हणे?"

"रचना."

"अन् तू जपानचं काय सांगतलं?"

म्या सांगतलं.

ती भितीले टेकून खाली बसली. रागावली असती तं बरं झालं असतं. ती नुसती बोटानं कपाचा काठ घासत राह्यली. मंग तिनं तिसऱ्या बारीची गोष्ट सांगतली. फॉर्म, अटी, सारं.

"मले काहून नाई सांगतलं वं तुनं?" म्या इचारलं.

"सांगतलं असतं तं तू राजाले पुन्हा जेवाले बसवलं असतं."

बुढा म्हणे, "खरं आहे."

तिनं त्या बाईले लगेच फोन लावला. आजी गंमत करते, फ्रॉड समजली, असं सगळं सांगतलं. रचना मॅडम चांगली बोलली, पण म्हणे, फोनवर ऐकलेलं अन् फॉर्ममधे लिहलेलं आता दोनी तपासा लागन. दुसऱ्या दिवशी मेल आला. संघमित्रानं वाचून दाखवला. घरून भेटलेली माहिती अर्जाशी जुळत नाई. अर्जदार आधी परदेशात जाऊन आल्याचं समजते. थापेच्या तासाचं जे वर्णन अर्जात आहे, त्याची खात्री होत नाई. निवड थांबवली आहे. शनिवारी मॅडम स्वता शाळेत येऊन पाह्यतीन.

"पासपोर्ट दाखवून दे ना," म्या म्हणलं. "कोरा आहे थो."

"पासपोर्टचं होऊन जाईन आजी. पण त्यायले वाटून राह्यलं का ह्या घरातलं सारंच खोटं आहे. शाळाबी खोटी, तासबी खोटा."

जिनगीभर लोकायले थापा खऱ्या वाटाव्या म्हणून मी मेहनत केली, अन् आता खरंच कोणाले खरं वाटेना.

शुक्रवारी संध्याकाळी ती माह्या जवळ येऊन बसली. माह्या हातावर हात ठेवून म्हणे, "आजी, उद्या सकाळच्या बसनं तू बाबाकडे बालाघाटले जाय. संध्याकाळी ये."

"मी तोंडाले पदर बांधून बसन."

"तुह्या पदरालेबी बोलता येते."

मी गेली. म्हणजे घरून निघाली. थैलीत राकेशसाठी वड्या घेतल्या अन् बसस्टॉपवर गेली. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. कंडक्टर ओळखीचा. म्हणे, "आजी, चढा ना." म्या म्हणलं, "तुही बस जपानले जाते का? नाई ना? मंग जाय." चहाच्या टपरीवर बसून राह्यली. माहं काळीज नहरटोल्याले अन् बूड राजेगावले.

तिकडं काय झालं थे मले मंग समजलं. रचना मॅडम गोंदियावरून गाडीनं आली. चाळिशीची, सुती साडी, हातात वही. एकतीस पोट्टे मोजले. पासपोर्ट अजून मांगितला नवता. म्हणे, पहिले थापेचा तास दाखवा. आता थापाड्या कुठून आणायचा? संघमित्रानं बुढ्याले आणून ठेवलं होतं. बुढा खुर्चीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली अन् घसा साफ केला.

"म्या आज भात खाल्ला," थो म्हणे.

पोट्टे चूप.

"सोबत वरण होतं."

थाळी श्रुतिकाच्या हातात राह्यते. चौथीतली पोरगी, दोन वेण्या, हिशोबात पक्की. तिनं वाजवायचं बेलन, म्हणजे लाटणं, वर केलं, इचार केला, खाली ठेवलं. दहा मिनिटं झाली. बुढ्यानं तवापर्यंत घरी किती खोल्या आहेत थे बी खरं सांगून टाकलं होतं. मॅडम वहीत काई लिहून राह्यलती, अन् संघमित्राले वाटून राह्यलं का आता उरलंसुरलं बी गेलं.

माहा फोन वाजला.

"आजी, कुठी आहे तू? बालाघाटले पोचली का?"

"पोचली असती," म्या म्हणलं, "पण बसनं मले घेतलंच नाई."

ती म्हणे, "ये."

टपरीवर ई-रिक्षा उभाच होता. चार किलोमीटर म्या त्याले हॉर्न वाजवू वाजवू पळवलं.

वर्गात पाय टाकला तं सारे पोट्टे एका आवाजात, "आजी आ गई." बुढ्यानं खुर्ची अशी सोडली जशी तापलेली होती. रचना मॅडमनं माह्याकडे पाह्यलं.

"आप वही माताजी हैं न? मगरमच्छ वाली?"

"मीच थे," म्या म्हणलं. "मॅडम, माफी मी मंग मांगन. पहिले एक काम करा. त्या दिवशी म्या जे जे सांगतलं थे तुमच्या वहीत असन. एक एक वाचा. मी पोट्ट्यायसमोर पुन्हा सांगते. खोटं काय अन् खरं काय, थे हेच सांगतीन. माह्यावर इश्वास ठेवू नका, यायच्यावर ठेवा."

मॅडमनं संघमित्राकडे पाह्यलं. तिनं नुसती मान हालवली. मॅडमनं पान उलटवलं अन् वाचलं, सात सौ बच्चे.

"ह्या शाळेत सातशे पोट्टे," म्या म्हणलं.

थण्. श्रुतिकाची थाळी. "आजी, झूठ. हम इकतीस हैं."

"बाकीचे एकावर एक बसतेत," म्या म्हणलं. थाप अशी लवकर सोडायची नसते.

पोट्टे पाट्यांवर तुटून पडले. मागच्या रांगेतून एक पोरगी उठली. म्हणे, सातशेले एकतीसनं भागलं तं एका जागेवर बावीस अन् अठरा बाहेर उभे. बावीस पोट्टे एकावर एक म्हणजे चार चार फुटाचे धरले तरी अठ्ठ्याऐंशी फूट. छत अकरा फूट आहे, दिवाळीत मोजलं होतं. मॅडमनं वर छताकडे पाह्यलं.

मगर अन् नाव. थण्. सबूत, त्यायच्या मॅडमची म्हणजे संघमित्राची स्कूटी बाहेर लिंबाखाली उभी आहे, अन् वैनगंगा मधात लागतच नाई.

मंग मॅडमनं वाचलं, लुगड़े से नहर नापती है. अन् ती जरा हासली.

"संघमित्रा माह्या लुगड्यानं मोजणी करते," म्या म्हणलं.

थाळी वाजली नाई. मॅडमनं वाट पाह्यली. श्रुतिकानं बेलन खाली ठेवलं, कोपऱ्यातली पेटी उघडली अन् माहं जुनं हिरवं नऊवारी बाहेर काढलं. दोन पोरींनी दोन पदर धरले. शाळेच्या दारापासून नहरापर्यंत अकरा लुगडी, असं त्यायनं मॅडमले सांगतलं. मॅडम म्हणे, ये नापा क्यों? तं पोट्टे म्हणे, आजीनं थाप मारली होती का वाघानं नहरापासून शाळेच्या दारात एका उडीत पाय ठेवला. वाघ अकरा लुगडी उडू शकत नाई.

"पर बाघ आया था," एक बारका म्हणे. "पंजे का निशान था. गीली मिट्टी में. हैंडपंप के पास."

मॅडमनं वहीत पाह्यलं. आता तिचा आवाज हळू झाला. "हाज़िरी में बाघ का नाम."

"हजेरीत वाघाचं नाव आहे," म्या म्हणलं. "रोज त्याची हजेरी होते."

मॅडम श्रुतिकाच्या हाताकडे पाहून राह्यलती. बेलन हाललं नाई. मंग श्रुतिकानं भितीकडे बोट केलं. तिथं पोट्ट्यायचा मोठा कागद आहे, ज्याच्यावर थे रोज आपली आपली हजेरी लावतेत. एकतीस नावं. खाली बत्तिसावं नाव, लाल खडूनं, बाघ. त्याच्यासमोर ओळीनं दोन महिन्याचे खाने, सगळ्यात एकच, गैरहाज़िर, गैरहाज़िर.

संघमित्रा पहिल्यांदा बोलली. पंजा दिसला तवा भीतीनं निम्मे पोट्टे शाळेत येईना. तिनं वनखात्याले कळवलं, त्यायनं येऊन पाह्यलं, वाघ जंगलात निघून गेला म्हणे. पण पोट्ट्यायच्या मनातून जाये ना. तवा तिनं त्याचं नाव हजेरीत लिहलं. रोज सकाळी ती पुकारते, बाघ, अन् एकतीस पोट्टे ओरडतेत, गैरहाज़िर. आठ दिवसात सगळे पोट्टे हजर झाले.

मॅडमनं तो कागद पुरा वाचला. मले वाटते तिनं वाघाचे खाने मोजले बी.

उरलं एकच. तिनं वाचलं नाई. वही बंद केली अन् माह्याकडे पाह्यलं. मले माहीत होतं काय उरलं.

"संघमित्रा जपानले दोन बारी जाऊन आली," म्या म्हणलं.

थाळी वाजली नाई.

पोट्टे एकमेकायकडे पाह्याले लागले. श्रुतिकानं बेलन उचललं, पुन्हा ठेवलं. तिच्याजवळ सबूत नवता. आपली मॅडम जपानले गेली असन बी, पोट्ट्यायले काय माहीत. बिना सबूत वाजवायची नाई, नियम म्हणजे नियम. एवढे चांगले शिकवलेले पोट्टे, अन् त्यायच्या चांगुलपणानंच संघमित्रा अडकली.

मी उठली. श्रुतिकासमोरचं बेलन उचललं अन् माह्याच थापेवर मीच थाळी वाजवली. बहात्तर वर्षात पहिल्यांदा. आवाज असा झाला का बुढ्याची टोपी हातातून पडली.

"आजी, सबूत?" श्रुतिका म्हणे. जराबी दया नाई त्या पोट्टीले.

म्या संघमित्राकडे हात केला. तिनं पर्समधून पासपोर्ट काढला अन् मॅडमले द्याले लागली. मॅडम म्हणे, "मुझे नहीं. इनको दीजिए."

पासपोर्ट पहिल्या रांगेत गेला. एक एक पान उलटवत पोट्टे म्हणत, कोरा. कोरा. कोरा. मागच्या रांगेपर्यंत हाच आवाज. शेवटल्या पानावर श्रुतिका म्हणे, "एक भी ठप्पा नहीं. आजी झूठ. मंज़ूर."

म्या मॅडमले हात जोडले. "बाई, मले वाटलं तुमी लुच्चे आहा. पोट्टीची काई चूक नाई."

मॅडम म्हणे, "माताजी, मैं तो बाघ को सबसे बड़ा झूठ समझी थी." बस एवढंच. पोट्ट्यायसोबत मध्यान्ह भोजनाची खिचडी खाल्ली अन् गेली. हौ नाई, ना नाई.

चार दिवस घरात कोणी जपान म्हणलं नाई. बुधवारी सकाळी माहा फोन वाजला. अनोळखी नंबर. म्या त्याले कानाले बी लावलं नाई. चुलीजवळून उठून तशीच आंगणात गेली अन् दोनी हातानं संघमित्राच्या हातात देल्ला.

ती ऐकत राह्यली. "जी. जी मैडम. जी." मंग फोन ठेवून ओट्यावर बसली, चपला काढल्या अन् पाय असे लांब सोडले जसं महिन्याभराचं चालून आली. बुढ्यानं इचारलं, "काय झालं?" ती म्हणे, "झालं." अन् रडाले लागली, अन् रडता रडता म्हणे, "आजी, राजाचं नाव काढू नको बरं." म्या नाई काढलं. पुऱ्या दोन दिवस.

आता ती तिकडं आहे. जाताना तिची सुटकेस रिकामी केली, सहा वर्षांपासून मी तिच्यात वड्या ठेवत होती. तिच्या जागी दुसरे गुरुजी येतेत, पण शनिवार माह्याकडेच. भितीवरच्या कागदावर पोट्ट्यायनं तेहतिसावं नाव लिहलं, मैडम, म्हणजे संघमित्रा. काल श्रुतिकानं हजेरी घेतली.

"बाघ?"

"गैरहाज़िर."

"मैडम?"

"गैरहाज़िर."

मंग मी खुर्चीवर बसली अन् म्हणलं, संघमित्रा जपानले गेली आहे. थोडी थांबली. एकतीस पोट्टे, हातात बेलन, अन् कोणी थाळी वाजवली नाई. त्या शांततेत मी जराशी बसून राह्यली. बरं वाटलं.

मंग म्हणलं, तिले स्टेशनवर घ्याले आपलाच वाघ आलता, म्हणून तं थो इथं दिसत नाई.

थण्.